एकविसाव्या कलमाची जन्मकथा



आपली राज्यघटना ता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं संमत झाली, तेव्हां तींत ३९५ कलमें आणि ८ परिशिष्टें होतीं. एवढा मोठा ग्रंथ सांगोपांग वाचण्याचें धैर्य वकिलांखेरीज फारसें कोणी करीत नाहीं, आणि त्याबद्दल सामान्य गृहस्थास दोष देतां येणार नाहीं. पण ह्या ग्रंथांत एक कलम असें आहे कीं, तें अवघ्या एका वाक्याचें असून, शाळेंतील मुलास पाठ करावयास दिलें तर मधल्या सुटीपूर्वीं तो तें म्हणून दाखवील. तें एकविसावें कलम. कायद्यानें घालून दिलेल्या पद्धतीस अनुसरून असेल त्याखेरीज कोणाहि व्यक्तीचा जीव अथवा तिचें व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलें जाणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. वाचतांना त्यांत वाद करण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. तथापि 'कायद्यानें घालून दिलेली पद्धति' हे जे चार शब्द, ते तेथें कसे आले, त्यांच्या जागीं आधीं कोणते शब्द होते आणि ते कां काढले गेले, ही हकीकत ऐकली म्हणजे राज्यघटना कशी घडते हें जितकें उमगतें, तितकें सबंध अनुक्रमणिका पाठ करूनहि उमगणार नाहीं. म्हणून आज मीं हा एकच धागा हातीं घेतला आहे.

प्रथम ही घटना करणारे कोण होते तें सांगितलें पाहिजे. घटनासमितीची पहिली बैठक दिल्लीस ता. ९ डिसेंबर १९४६ रोजीं भरली. तिचे सभासद आज आपण लोकसभेचे निवडतों तसे थेट लोकांनीं निवडलेले नव्हते. प्रांतिक कायदेमंडळांच्या सभासदांनीं ते निवडले होते. आणि तीं कायदेमंडळें १९३५ च्या कायद्यान्वयें, म्हणजे कर, मालमत्ता व शिक्षण ह्यांच्या कसोटीस उतरलेल्या थोड्या लोकांच्या मतांवर अस्तित्वांत आलेलीं होतीं. मुस्लिम लीगनें बहिष्कार घातल्यामुळें पुष्कळशा खुर्च्या रिकाम्या होत्या. देश एक राहणार कीं त्याचे तुकडे होणार, हें त्या दिवशीं कोणास निश्चित ठाऊक नव्हतें. डॉ. आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते. फाळणीमुळें ती जागा गेली, आणि डॉ. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्यानें रिकाम्या झालेल्या मुंबई प्रांताच्या जागेवर जुलै १९४७ मध्यें ते पुनः घटनासमितींत आले. ता. २९ ऑगस्ट रोजीं मसुदा समिति नेमली गेली आणि तिचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. मुंबईची ती एक जागा त्या सुमारास रिकामी झाली नसती तर काय झालें असतें, ह्याचा तर्क मी करीत बसत नाहीं. पण इतिहासांत मोठमोठ्या गोष्टी अशा लहानशा खुंटीवर लटकलेल्या असतात खऱ्या.

मसुदा समितीचे सभासद सात. परंतु त्यांपैकीं एक असलेले श्री. टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनींच ता. ५ नोव्हेंबर १९४८ रोजीं भर सभेंत सांगून टाकलें कीं, कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशीं गेले, कोणी राज्यकारभारांत गुंतले, आणि कोणी दिल्लीपासून दूर राहत असल्यामुळें व प्रकृतीच्या कारणानें येऊं शकले नाहींत. सबब मसुद्याचा भार अखेर डॉ. आंबेडकरांवरच पडला. त्यांच्या हातीं कोरा कागद मात्र दिलेला नव्हता. घटनासमितीचे सल्लागार सर बेनेगल नरसिंग राव ह्यांनीं ऑक्टोबर १९४७ मध्यें २४३ कलमांचा पहिला खर्डा सिद्ध केला होता. मसुदा समितीनें त्याचीं ३१५ कलमें केलीं, आणि सभेंतील वादविवादानंतर त्यांचीं ३९५ झालीं. ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या व त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आंकडे खुद्द डॉ. आंबेडकरांनीं व अध्यक्ष राजेंद्रबाबूंनीं आपल्या समारोपाच्या भाषणांत दिलेले आहेत.

घटनेची एकंदर बांधणी येथें दोन शब्दांत सांगतों. कारभाराचे विषय तीन याद्यांत वांटले: संघाची यादी, राज्यांची यादी व समाईक यादी. राष्ट्रपतीस मान दिला, पण सत्ता दिली लोकसभेस जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळास. ही रीत विलायतेची. पण विलायतेंत पार्लमेंट सर्वश्रेष्ठ असतें आणि तेथील न्यायाधीश पार्लमेंटचा कायदा रद्द करूं शकत नाहींत. आपण मात्र तिसऱ्या भागांत मूलभूत हक्क लिहून ठेविले, त्यांच्याशीं विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता निरर्थक ठरेल असें म्हटलें, आणि त्या हक्कांसाठीं थेट सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावण्याचा अधिकार बत्तिसाव्या कलमानें प्रत्येकास दिला. ही रीत अमेरिकेची. अशा दोन निरनिराळ्या घराण्यांच्या रीति एका घरांत नांदूं लागल्या म्हणजे कोठें ना कोठें खटका उडावयाचाच. तो एकविसाव्या कलमावर उडाला.

कारण तेथें मुळांत अमेरिकन शब्द होते. 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ', म्हणजे कायद्याची उचित रीत. हा शब्दप्रयोग इंग्लंडांत तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत १३५४ च्या कायद्यांत आढळतो. तेथून तो अमेरिकेंत गेला आणि १७९१ च्या पांचव्या दुरुस्तीनें त्या देशाच्या घटनेंत कायमचा बसला. आपल्याकडे मूलभूत हक्कांचा विचार करण्यासाठीं सरदार वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखालीं सल्लागार समिति होती आणि तिची उपसमिति आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखालीं. तिनें १९४७ च्या वसंतांत जीविताचें व स्वातंत्र्याचें कलम ह्या अमेरिकन शब्दांतच लिहिलें, आणि घटनासमितीनें तें एप्रिलअखेर मान्यहि केलें. अमेरिकेच्या कलमांत 'मालमत्ता' हा तिसरा शब्द आहे, तो मात्र येथें गाळण्यांत आला. कारण जमीनदारी नष्ट करण्याचे कायदे प्रांतोप्रांतीं व्हावयाचे होते आणि ते न्यायालयांत अडकूं नयेत, अशी पुढाऱ्यांची इच्छा होती.

आतां 'उचित' आणि 'घालून दिलेली' ह्यांत अंतर कोणतें, असें कोणी विचारील. मी वकील नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून वर्गांत उभा राहिलेला माणूस. तेव्हां वर्गांतलाच दाखला देतों. समजा, शाळेचा नियम असा आहे कीं, मुलास छडी मारण्यापूर्वीं शिक्षेच्या वहींत त्याचें नांव, तारीख व कारण लिहिलें पाहिजे. मास्तरांनीं वहींत व्यवस्थित लिहिलें, 'खिडकीची कांच फोडली', आणि छडी मारली. कांच दुसऱ्यानेंच फोडलेली होती आणि ह्या मुलास तोंड उघडूं दिलें गेलें नाहीं. पद्धति पाळली गेली काय? अक्षरशः पाळली गेली. ती उचित होती काय? पहिला प्रश्न वही पाहून सुटतो. दुसऱ्यासाठीं कोणीतरी मास्तरांच्या डोक्यावर बसून निवाडा करावा लागतो. हा निवाडा करणारा कोण असावा, एवढाच सगळा वाद होता.

आणि निवाडा करणाऱ्यांविषयींची भीति अगदींच निराधार नव्हती. न्यूयॉर्क राज्यानें भटारखान्यांतील कामगारांस दिवसाकांठीं दहा आणि आठवड्यांत साठ तासांपलीकडे राबवूं नये, असा कायदा केला होता. लॉक्नर नांवाच्या एका भटारखानेवाल्याच्या दाव्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९०५ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं तो रद्द ठरविला. कारण काय, तर मालक व नोकर ह्यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर त्यानें आघात होतो! पुढें जवळजवळ तीस वर्षें त्या न्यायालयानें 'उचित रीति' ह्या दोन शब्दांचें शस्त्र करून गरिबांच्या हिताचे कित्येक कायदे तोडले. सर बेनेगल राव १९४७ च्या अखेरीस परदेशच्या घटनांचा अभ्यास करण्यासाठीं निघाले, तेव्हां वॉशिंग्टनमध्यें न्यायमूर्ति फेलिक्स फ्रँकफर्टर ह्यांची त्यांनीं गांठ घेतली. फ्रँकफर्टर हे रूझवेल्टनीं नेमलेले न्यायाधीश. जुन्या न्यायाधीशांनीं घातलेला गोंधळ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेला. त्यांचें मत असें पडलें कीं, लोकांनीं निवडलेल्या कायदेमंडळाचा निर्णय मूठभर न्यायाधीशांनीं फिरवावा हें लोकशाहीस धरून नाहीं, आणि शिवाय न्यायाधीशांवर तो अन्याय्य भार आहे. राव हा सल्ला घेऊन परत आले.

फेब्रुवारी १९४८ मध्यें मसुदा समितीचा खर्डा प्रसिद्ध झाला तेव्हां अमेरिकन शब्द नाहींसे होऊन त्यांच्या जागीं आजचे चार शब्द आले होते. 'स्वातंत्र्य' ह्या शब्दापूर्वीं 'व्यक्तिगत' हें विशेषणहि लागलें होतें. खालीं तळटीप होती कीं, हे शब्द अधिक नेमके असून जपानच्या १९४६ च्या घटनेंतील एकतिसाव्या कलमांत ते आहेत. आतां गंमत पाहा. जपानची ती घटना म्हणजे पराभूत जपानवर राज्य करीत असलेल्या जनरल मॅकआर्थर ह्यांच्या हाताखालील अमेरिकन लोकांनीं सुमारें आठवडाभरांत लिहून काढलेला मसुदा. अमेरिकनांनीं स्वतःच्या घरचे शब्द जपान्यांस दिले नाहींत, आणि आपण अमेरिकन शब्द टाकून जपानचे घेतले, ते मूळचे अमेरिकनांच्याच लेखणींतून उतरलेले!

सभेंत हें कलम ता. ६ डिसेंबर १९४८ रोजीं चर्चेस आलें. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनीं जुने शब्द परत घालावे अशी दुरुस्ती मांडली. कायदेमंडळानें कांहींहि कायदा करावा आणि न्यायालयानें फक्त तो पाळला गेला कीं नाहीं एवढेंच पाहावें, तर मग मूलभूत हक्क म्हणून हें कलम ठेवण्यांत अर्थ काय, असा त्यांच्या बाजूचा रोकडा सवाल होता. नवल असें कीं, मसुदा समितीचेच सभासद श्री. कन्हैयालाल मुनशी दुरुस्तीच्या बाजूनें बोलले, आणि दुसरे सभासद सर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरुद्ध बाजूनें. निर्णय लांबणीवर पडला. पुनः ता. १३ रोजीं विषय निघाला तेव्हां डॉ. आंबेडकर बोलावयास उठले, आणि मसुद्याचें समर्थन करावयाचें सोडून त्यांनीं दोन्ही पक्ष सभेपुढें मांडले. पक्षाच्या माणसांनीं भरलेलें कायदेमंडळ व्यक्तीचे हक्क तुडविणारे कायदे करणारच नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. उलट न्यायालयांत बसलेले पांचसहा गृहस्थ आपल्या पूर्वग्रहांपासून मुक्त राहून कायदा बरा कीं वाईट हें ठरवितील, असाहि भरंवसा देतां येत नाहीं. दोन्हीकडे संकट आहे, सभेनें काय तें ठरवावें, असें म्हणून ते खालीं बसले. मतें घेतलीं गेलीं. दुरुस्ती फेटाळली गेली.

एखाद्या प्रस्तावकानें आपल्याच कलमाविषयींची शंका इतकी उघडपणें बोलून दाखविल्याचें उदाहरण मला तरी दुसरें आठवत नाहीं. कित्येक टीकाकार ह्यास दुबळेपणा म्हणतात. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. आणि ती शंका त्यांच्या मनांतून गेली नव्हती, हें नऊ महिन्यांनीं दिसून आलें. ता. १५ सप्टेंबर १९४९ रोजीं त्यांनीं एक नवें कलम आणलें, तेंच आजचें बाविसावें. पूर्वीचें कलम संमत झाल्यानें फार लोक असंतुष्ट आहेत, मीहि त्यांत आहें, आणि तेव्हां जें गेलें त्याची ही भरपाई आहे, अशा आशयाचें ते बोलले. अटक केलेल्या माणसास अटकेचें कारण सांगावें, त्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा, आणि चोवीस तासांच्या आंत त्यास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें: एवढ्या तीन गोष्टी घटनेंतच खिळवून टाकल्या. परंतु त्याच कलमाच्या उत्तरार्धांत प्रतिबंधक स्थानबद्धतेची सोयहि होती. म्हणजे गुन्हा न करतांहि, तो करील ह्या संशयावरून माणसास विनाचौकशी डांबतां यावें, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ डांबावयाचें तर सल्लागार मंडळाचें मत घ्यावें. एका हातानें दिलेली भरपाई दुसऱ्या हातानें निम्मी परत घेतली गेली. लाहोर हायकोर्टाचे एके काळचे न्यायमूर्ति बक्षी टेकचंद ह्यांनीं ह्यावर कडाडून टीका केली. महावीर त्यागींसारख्या तुरुंग भोगून आलेल्या सभासदांसहि हें पाहवलें नाहीं. पण देशांत त्या वेळीं फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, हैदराबादेंत व तेलंगणांत रक्तपात होऊन गेला होता किंवा होत होता, आणि राज्यकर्त्यांस हातांतलें हत्यार टाकवेना.

घटना ता. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आली. एका महिन्याच्या आंत प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला, आणि ता. १९ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा त्यावर निकालहि लागला. मद्रास प्रांतांत स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन ह्यांचा तो दावा. सहा न्यायाधीश बसले होते. बहुमतानें सांगितलें कीं, 'कायदा' म्हणजे कायदेमंडळानें केलेला कायदा. त्याची पद्धति उचित आहे कीं नाहीं हें पाहणें आमचें काम नव्हे, कारण घटनाकारांनीं 'उचित' अर्थाचे शब्द बुद्ध्या टाळले आहेत. स्थानबद्धतेचीं कारणें न्यायालयासहि दाखवूं नयेत, असें म्हणणारें एक पोटकलम तेवढें त्यांनीं रद्द केलें. न्या. फजल अली ह्यांनीं मात्र निराळें मत दिलें: पद्धति म्हणजे निदान नोटीस, आपलें म्हणणें मांडण्याची संधि आणि निःपक्षपाती न्यायाधीश, एवढें तरी त्या शब्दांत आलेंच पाहिजे. तें मत कोणीं ऐकलें नाहीं आणि सत्तावीस वर्षें तें ग्रंथांत पडून राहिलें.

पुढला प्रसंग आपल्यापैकीं वृद्धांच्या स्मरणांतला आहे. जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली, हजारों माणसें स्थानबद्ध झालीं, आणि एकविसाव्या कलमासाठीं न्यायालयांत जाण्याचा हक्क तहकूब करण्यांत आला. तरीसुद्धां नऊ हायकोर्टांनीं, त्यांत आपलें मुंबईचें हायकोर्टहि होतें, स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेतां येतील असें ठरविलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. तेथें न्या. हंसराज खन्ना ह्यांनीं सरकारचे ॲटर्नी जनरल नीरेन डे ह्यांस प्रश्न केला कीं, एखाद्या अधिकाऱ्यानें वैरभावानें कोणाचा जीवच घेतला, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणें त्यावर कांहीं उपाय आहे काय? आणीबाणी आहे तोंवर नाहीं, असें उत्तर आलें. ता. २८ एप्रिल १९७६ रोजीं निकाल लागला. चार न्यायाधीश सरकारच्या बाजूचे, एकटे खन्ना विरुद्ध. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हें मराठी माणसास बोलावयास कठीण जातें, पण इतिहास सांगावयास बसल्यावर तें गाळतां येत नाहीं. जानेवारी १९७७ मध्यें खन्नांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केलें गेलें, आणि त्यांनीं राजीनामा दिला.

पुढें सरकार बदललें. नव्या सरकारनें मनेका गांधी ह्यांचा पासपोर्ट अडकविला आणि कारण सांगण्याचें नाकारलें. त्या दाव्यांत ता. २५ जानेवारी १९७८ रोजीं सात न्यायाधीशांच्या पीठानें असें ठरविलें कीं, कायद्यानें घालून दिलेली पद्धति म्हणजे कसलीहि पद्धति नव्हे. ती न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे. घटनासमितीनें १९४८ सालीं पुढच्या दारानें घालविलेले शब्द तीस वर्षांनीं मागच्या दारानें घरांत आले. हें न्यायाधीशांनीं करावयास हवें होतें कीं घटनादुरुस्तीनें व्हावयास हवें होतें, ह्याबद्दल मतभेद असूं शकेल. फ्रँकफर्टर असते तर त्यांनीं भुंवया उंचावल्या असत्या. परंतु १९७६ चा अनुभव घेतल्यावर कायदेमंडळावर सर्व भार टाकण्यास माझें मन तरी धजत नाहीं. त्या सात जणांत न्या. मुर्तझा फजल अली होते. १९५० सालीं एकटे पडलेल्या फजल अलींचे ते चिरंजीव. त्याच सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें आणीबाणींतहि एकविसावें कलम तहकूब करतां येणार नाहीं, असें ठरून गेलें. आणि १९७६ चा निकाल नऊ न्यायाधीशांच्या पीठानें ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं जेव्हां चुकीचा म्हणून रीतसर मोडीत काढला, तेव्हां तो मोडणारें मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.

बाविसाव्या कलमाची गोष्ट मात्र अपुरीच राहिली आहे. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें सल्लागार मंडळाच्या मतावांचून डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणावी, आणि तीं मंडळें हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनें नेमावीं, असें १९७८ मध्यें संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं संमत केलें. ती तरतूद अमलांत केव्हां आणावयाची, ती तारीख सरकारनें जाहीर करावयाची होती. त्या दुरुस्तीचीं बाकीचीं कलमें अमलांत आलीं. ह्या एका कलमाची तारीख कोणत्याहि पक्षाच्या सरकारनें अद्याप जाहीर केलेली नाहीं.